पायाला लावलेले डोळे

तुमच्या गावच्या नदीकाठी शेंदूर फासलेला एखादा दगड असेलच. खरं सांगा, त्या शेंदराच्या खाली काय आहे, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

मी पाहिलं नव्हतं. न पाहताच त्या दगडावर दोन पानांचं पत्रक लिहून, छापून, गावभर वाटून मोकळी झाले होते. त्या पत्रकातल्या एका वाक्यानं तीन घरांच्या मेंढरांचं पाणी तुटायची वेळ आली, आणि ते वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझंच होतं.

आमचं गाव शिरूर कासारच्या खालच्या अंगाला, सिंदफणेच्या काठावर आहे. बालाघाटाच्या डोंगरातून निघालेली ही नदी पुढे गोदावरीला मिळते. वर्षातले सात-आठ महिने ती नदी कमी आणि वाळू जास्त असायची. आता वाळूही राहिली नाही. उपसून उपसून दोन्ही काठ भिंतीसारखे उभे झालेत. गावाच्या बाजूनं जनावर पाण्यापर्यंत पोचेल अशी एकच जागा उरली आहे. एका बाभळीखालून नदीत गेलेला रुंद उतार. त्याच्या खाली डोह आहे आणि तो वैशाखातही आटत नाही. उताराच्या तोंडाशी एक दगड उभा होता, माणसाच्या छातीएवढा, शेंदरानं गरगरीत झालेला, वर दोन चांदीचे डोळे. आमचा म्हसोबा.

आमच्याकडे ऊसतोडीला निघताना प्रत्येक जोडी या दगडाला तेल-शेंदूर लावते. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतात, भांडी-कुंडी, पोरं, कोंबड्या, कोयते वर चढतात, आणि निघायच्या आधी नवरा-बायको म्हसोबाच्या अंगावर एकेक मूठ शेंदूर थापून जातात. परत आल्यावर पुन्हा एक मूठ. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्यामुळे म्हसोबा दरसाल थोडा जाड व्हायचा. लहानपणी आम्ही म्हणायचो, गाव वाळतं आणि देव फुगतो.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील शेती करत, चार महिने ऊस तोडत आणि उरलेल्या वेळात सायकलवरून पत्रकं वाटत. तोडणी मजुरांची, पाण्याची, वाळूउपशाविरुद्धची. उरलेले गठ्ठे घरात पडून असायचे. आई त्यात भाकरी गुंडाळायची, डब्यांच्या तळाला घालायची, आणि माझ्या शाळेच्या वह्या म्हणजे पत्रकांच्या कोऱ्या मागच्या बाजू. मी अक्षरं तिथंच शिकले. ‘उ’ उठाचा, ‘ज’ जागे व्हाचा. प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानं संपतं अशी बरीच वर्षं माझी समजूत होती. तिसरीत मी निबंध लिहिला होता, ‘गाय हा उपयुक्त पशू आहे! तिला चार पाय आहेत!’ मास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं होतं.

पुढे बीडला राहून स्पर्धा परीक्षेचा क्लास लावला. तिथल्या जाड पुस्तकांत मी आमची नदी शोधायचे. सापडायची ती अर्ध्या ओळीत, उपनद्यांच्या यादीत. मला त्याचा संताप यायचा. या खोऱ्यातून काय काय गेलं नाही? यादवांचं राज्य गेलं, बहमनी गेली, नगरची निजामशाही गेली, मोगल गेले, मग हैदराबादच्या निजामाचं राज्य आलं आणि तेही गेलं. पेशव्यांची आणि निजामाची फौज एकमेकांना भिडली ती गोदावरीकाठी राक्षसभुवनला, आमच्याच जिल्ह्यात. मी एकदा एसटीनं आणि मग पायी तिथे गेले होते. घाटावर उभी राहिले. समोर रुंद, संथ पाणी होतं आणि एक म्हातारा घोंगडी धुवत होता. हजारो माणसं आणि घोडे ज्या पाण्यात पडले असतील, त्या पाण्याकडे मी बघत राहिले. लढाईचं इतकंसं चिन्ह नाही. एवढं सगळं ही नदी गिळते कुठे?

परत आले ती ठरवूनच, की आपल्या काठाचा इतिहास आपणच लिहायचा. आणि नेमके त्याच आठवड्यात अण्णा घरी आले.

अण्णा म्हणजे गावातले मोठे जमीनदार. पंचायत समितीत राहिलेले, शब्दाला वजन असलेले. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “पोरी, बीडला क्लास लावलाय म्हनं.”

“होय अण्णा.”

“सायब व्हशील तवा व्हशील. आदी गावाचं एक काम कर. म्हसोबाला सभामंडप बांधायचा हाय. घाट, फरशी, चारी अंगानं भिंत. नारळ फोडायच्या आदी देवाचा इतिहास घराघरात गेला पायजे. तुजी लेखनी लई कडक हाय.”

मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, “लिही. पण बघून लिही.”

मी फक्त पहिला शब्द ऐकला.

दगडात काहीतरी कोरलेलं आहे, एवढं मला माहीत होतं. अगदी खाली, मातीजवळ, शेंदूर पातळ झाला होता. तिथे अंगठ्याएवढा एक हात दिसायचा. मूठ आवळलेला. लहानपणापासून मी तो पाहत आले होते. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीत दगड उभा करतात, त्याला वीरगळ म्हणतात, हेही वाचलेलं होतं. बाकीचं मी एका बैठकीत जोडून टाकलं. ही मूठ तलवारीची. हा वीर राक्षसभुवनच्या रणात लढलेला. जखमी होऊन आपल्या गावी परतला आणि या उतारावर त्यानं देह ठेवला. तो आपल्याच कुळांतला. एकेक वाक्य ढोलासारखं वाजत होतं. शेवटाकडे ताल भरायला आणखी एक वाक्य हवं होतं, म्हणून लिहिलं, ‘ज्या मातीवर वीराचं रक्त सांडलं, त्या पवित्र भूमीवर जनावरांची घाण होता कामा नये!’

पत्रक गावभर गेलं. लोकांनी थांबवून पाठ थोपटली. अण्णांनी गठ्ठा आसपासच्या गावांना पाठवला, नारायणगडाच्या जत्रेतही वाटला.

तीन-चार दिवसांनी मी सकाळी उतारावर गेले होते. मेंढरं पाण्यावर आली होती. आमच्या गावाबाहेर धनगरांची तीन घरं आहेत. त्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला मी मावशी म्हणते. नात्यातली नव्हे, पण लहानपणी मला तापात बकरीचं दूध आणून देणारी. ती बाभळीखाली टकळीवर लोकर कातत बसली होती. तिच्या कमरेच्या पिशवीतून माझंच पत्रक डोकावत होतं.

“वाच की गं,” ती म्हणाली. “समद्या गावानं वाचलं. आमाला अक्षर न्हाई म्हनून आमी उपाशी ऱ्हावं व्हय?”

मी वाचायला लागले. ती टकळी फिरवत ऐकत होती, मधूनमधून ‘बाई बाई’ म्हणत होती. शेवटच्या वाक्याला माझा आवाज आपोआप खाली आला.

“थांब. घान कुनाची म्हनलीस?”

“जनावरांची.”

“आमच्या मेंढरांची म्हन की. दुसरं कोन येतंय हितं?”

चारही अंगांनी भिंत, असं अण्णा म्हणाले होते. तेव्हा मला भिंतीत फक्त देव दिसला होता. उतार भिंतीच्या आत जाणार, हे आत्ता, तिथे बसल्यावर कळलं. दुसरीकडून मेंढरू डोहात उतरूच शकत नव्हतं. उतार गेला तर ती तीन घरं उन्हाळ्यात कळप घेऊन कुठे जाणार?

मावशी चिडली नाही. त्यानं मला जास्त लागलं.

“लई ग्वाड लिव्हलंयस,” ती म्हणाली. “पर ज्याचं लिव्हलंयस त्यो हितं न्हाई. हितं हाय त्यो आमचा राखनदार. मेंढरं, गुरं राखनारा. आन त्यो उलटा हाय.”

“उलटा म्हणजे?”

“उलटा म्हंजी उलटा. डोकं खाली, पाय वर. माज्या आजेसासऱ्याच्या वक्ताला मोठा पूर आलता. दगड पडला. पानी उतरल्यावर गावानं उचलून हुबा केला. चिखलानं लडबडलेला, वरलं कुनाला कळंना, खाललं कुनाला कळंना. येक टोक गोल दिसलं, म्हनले हेच डोकं. लावले डोळे! आमच्या मान्सांनी सांगितलं, आरं ह्यो पायथा हाय. तर म्हन्त्यात, मेंढरं वळनाऱ्याला द्येव कळाया लागला का बे?”

मला हसू आलं. मी म्हटलं, “मावशी, ही ऐकीव गोष्ट झाली.”

“आन तुजी बघितलेली हाय? तू व्हतीस व्हय त्या लढाईत?”

मी पुस्तकातलं सांगायला लागले, कोणत्या बाजूला कोण होतं, नदी कोणी ओलांडली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या लढाईत मेंढरं कुनी राखली?”

तसा प्रश्न कोणत्याच परीक्षेत येत नाही.

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. ती सांगत होती त्यात राजांची नावं नव्हती, उतार होता. गावाच्या अंगानं घोड्यावरची माणसं आली. “राजाची व्हती का लुटारू व्हती, कुनाला ठावं. मेंढराला दोगं सारकेच.” कळप हाकून न्यायला आली होती. हा राखणदार एकटा होता. त्यानं सगळी जनावरं पाण्यात घातली आणि स्वतः उताराच्या तोंडाशी काठी घेऊन उभा राहिला. उतार तेव्हा अरुंद होता, एका वेळी एकच घोडा यायचा. तो पडला तेव्हा जनावरं पल्याड पोचली होती.

डोंगरातले भिल्ल पूर्वी या नदीच्या उतारांवर पहारा द्यायचे, हेही तिनंच सांगितलं. गावं त्यांना राखणीचा वाटा द्यायची. मग सरकारं बदलली, वाटा बंद झाला, आणि राखणदारांनाच चोर म्हणायला लागले. “मंग उठले ते. का उठू न्हाई?” बालाघाटातल्या भिल्लांच्या बंडाबद्दल मी एक ओळ वाचली होती. त्या ओळीत बंड होतं, वाटा नव्हता.

आणि रजाकाराच्या काळातली गोष्ट. तिच्या सासऱ्यानं गावातल्या चार घरच्या बाया-पोरांना पहाटे याच उतारावरून नदीपार नेलं. पुढे माणसं, मागे कळप. वाळूत उमटलेलं एकेक पाऊल मेंढरांच्या खुरांनी पुसत नेलं. मागावर आलेल्यांना नुसती मेंढरं गेलेली दिसली. “त्या चार घरांत,” मावशी टकळी थांबवून म्हणाली, “येक घर अन्नाचं व्हतं.”

तेवढ्यात एक लहान कोकरू पाण्यातून वर आलं आणि दगडाला अंग घासून गेलं. मी तिथेच बसून राहिले. रोज पायाखाली तुडवलेला तो उतार मला एकाएकी केवढा तरी वाटायला लागला. राक्षसभुवनच्या घाटावर मी विचारलं होतं, नदी एवढं सगळं गिळते कुठे. ती गिळत नसावी. ज्यांना विचारायचं, त्यांना आपण विचारलेलं नसतं.

तरी मी पूर्ण मानलं नव्हतं. दगड उलटा आहे, हे तर नाहीच. मावशीला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. ती म्हणाली, “मेंढी व्याली की पयला चीक आमी याला वततो. कुटं वततो, बघितलंयस?”

पाहिलं होतं, लहानपणापासून. पहिल्या दुधाचा तो पिवळा, दाट चीक धनगरांची माणसं दगडाच्या बुडाशी, अगदी मातीला लागून ओतायची. गावातले लोक हसायचे. देवाच्या तोंडाला सोडून बुडाला नैवेद्य दाखवतात म्हणायचे.

“तोंड तितंच हाय ना,” मावशी म्हणाली.

नारळ फुटायच्या चार दिवस आधी जेसीबी आला. वैशाख होता, तोडणीवरून सगळी घरं परतली होती, त्यामुळे बघायला अर्धा गाव हजर. भिंतीचा पाया उताराच्या तोंडापासून खणायला घेतला. यंत्राचा दात खडकाला लागला तशी जमीन हादरली, आणि म्हसोबाच्या अंगातून मडकं तडकल्यासारखा आवाज आला.

डोळ्यांमधून एक चीर खाली आली. कुणीतरी ‘बंद कर बे, बंद कर!’ ओरडलं. यंत्र थांबलं. आणि शेंदराचं ते सगळं कवच हळूहळू सुटलं, दोन फाळ्या होऊन दोन्ही बाजूंना पडलं. बाया हात जोडून खाली बसल्या.

एक फाळी माझ्या पायाशी आली होती. मी ती उचलली. चार बोटं जाड होती आणि तुटलेल्या कडेला थरावर थर दिसत होते, केशरी, काळपट, पुन्हा केशरी. एक लावणं जातानाचं, एक परत आल्याचं. कुठे दोन थर जाड होते, कुठे दाबून पातळ झालेले. यात माझ्या आई-वडिलांच्या मुठी होत्या, त्यांच्या आई-वडिलांच्या होत्या. गावानं कितीदा घर सोडलं, ते सगळं माझ्या हातात होतं आणि हाताला जड लागत होतं. मी लिहिलेल्या दोन पानांत यातलं काहीच नव्हतं.

मग मी दगडाकडे पाहिलं. काळा, ओलसर, तेल पिऊन चकाकणारा. वरचा भाग, जिथे डोळे होते, तो नुसता ओबडधोबड. त्याखाली कोरीव चौकटी होत्या, पण काही उमगत नव्हतं. गाईंसारखं काहीतरी छताला चिकटल्यासारखं लटकत होतं.

घाट बांधायला आलेला वडार समाजाचा एक म्हातारा कारागीर पुढे झाला. त्यानं वरच्या भागावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, “अन्ना, हितं छिन्नीच लावल्याली न्हाई. ह्यो जमिनीत गाडायचा भाग हाय. ह्यो पायथा.”

“म्हंजी?” अण्णा म्हणाले.

“म्हंजी तुमी देवाच्या पायाला डोळे लावल्यात.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी वळून पाहिलं तसं ते थांबलं.

मी जमिनीवर उताणी झोपले, दगडाकडे डोकं करून, मान मागे टाकून. “काय बे, पोरीला वारं आलं का काय!” असं कुणी म्हणालं ते ऐकू आलं. पण त्या क्षणी जग सरळ झालं होतं. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही.

गाई होत्या. एकामागं एक पाच गाई, वळवलेल्या शिंगांच्या, आणि त्यांच्या पायांत छोटी छोटी मेंढरं. एक कुत्रा, शेपूट वर केलेला. पुढे दोन घोडेस्वार. आणि दोहोंच्या मधे एक माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात उगारलेली काठी. तलवार नव्हती, ढाल नव्हती. त्याच्या वरच्या चौकटीत दोन बाया त्याला दोन्ही दंडांना धरून आभाळात नेत होत्या, आणि तो मान वळवून खाली बघत होता. जनावरांकडेच बघत असणार. त्याच्याही वर, म्हणजे अगदी मातीजवळ, तो पिंडीपुढे बसला होता. तो अंगठ्याएवढा हात, ज्यात मी तलवार पाहिली होती, त्यात फुलांचा हार होता.

त्याच्यावरचं जमिनीत गेलं होतं. कारागिरानं हातानं माती उकरली. आत एक गोल सूर्य होता आणि एक चंद्रकोर. ही खूण जोवर सूर्य-चंद्र आहेत तोवर राहो म्हणून कोरतात. आम्ही सूर्य-चंद्रच पुरून ठेवले होते.

मावशी गर्दीतून पुढे आली. मला वाटलं, आता ही सगळ्यांना सुनावणार. तिनं कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. दगडाशी वाकली, काठीवाल्या माणसावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “लई येळ झाला रं बाबा.”

जेसीबीला पट्टा लावून दगड उपटला. चार घागरी पाण्यानं धुतला आणि उताराच्या कडेला उताणा निजवला. आता सरळ उभा करायचा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुठे आणि कुणाचा म्हणून, यावर नव्हतं. त्यासाठी ग्रामसभा बसली.

अण्णा शांतपणे म्हणाले, “चूक झाली आपल्या वाडवडिलांची. दगड सरळ करू. मंडप व्हनार, भिंत व्हनार. देवाच्या जागी मेंढरं बसवायची न्हाईत. आन ह्ये मी म्हनत न्हाई.” त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं. उद्गारचिन्हासकट. “ह्ये आपल्या शिकलेल्या लेकीनं लिव्हलंय. पटतंय का न्हाई?”

बऱ्याच माना डोलल्या. माझंच वाक्य माझ्यावर चालून आलं होतं.

मी उभी राहिले. मी म्हटलं, “ते वाक्य मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. मी दगड पाहिला नव्हता. मी कुणाला विचारलं नव्हतं. तो जनावरांसाठी मेला आणि मी त्याच्या नावानं जनावरं हाकलायला निघाले.”

“मंग तवा झोपलीवतीस का?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. हसण्यासारखंच होतं.

“होय,” मी म्हटलं. “आणि अण्णा, तुमच्या घरची माणसं रजाकारात याच उतारावरून पार गेली. त्यांच्या पावलांवरून मेंढरं नेली म्हणून ती जगली. हे तुम्हाला माहीत आहे का?”

अण्णा हातातल्या कागदाची घडी घालत, उलगडत राहिले. मग एवढंच म्हणाले, “माजी आई सांगायची असलं कायतरी.” आणि निर्णय पुढच्या ग्रामसभेवर ढकलला.

घरी येताना मी वडिलांना म्हटलं, “मला ते पत्रक मागे घ्यायचंय.”

“पत्रक मागं घेता येत न्हाई,” ते म्हणाले. “लोकांच्या घरात गेलेलं असतं. दुसरं काढावं लागतं.”

अण्णांकडच्या गठ्ठ्यातली उरलेली पत्रकं मी मागून आणली. त्यांनी दिली, हेही सांगायला हवं. त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर मी हातानं लिहिलं. दगडावर कोण आहे, तो कसा उलटा झाला, मावशीनं काय सांगितलं. त्यात किती दगडावर दिसतं आणि किती नुसतं ऐकलेलं आहे, ते वेगवेगळं लिहिलं. एकही उद्गारचिन्ह घातलं नाही. वडील तीन दिवस सायकलवरून काठाकाठानं ती वाटत फिरले.

मी हे लिहितेय तेव्हा दगड अजून उताणाच आहे. पायाचा चर तसाच उघडा आहे आणि मेंढरं तो उड्या मारून ओलांडतात. काल एक मेंढी व्याली. मावशी वाटीत चीक घेऊन आली आणि पहिल्यांदाच गोंधळली. इतकी वर्षं बुडाशी ओतायची सवय. मग तिनं तो काठीवाल्याच्या छातीवर ओतला. पिवळा ओघळ त्या दोन बायांवरून, हारावरून, वरच्या सूर्यापर्यंत गेला. किती पिढ्या मातीत राहिलेल्या त्या सूर्यावर ऊन पडलं होतं. मेंढरं नेहमीसारखी त्याच्या बाजूनं खाली गेली आणि पाणी प्यायली.

तुम्ही सिंदफणेच्या काठचे असाल, तर पुढच्या ग्रामसभेच्या आधी एकदा आमच्या उतारावर या, जमिनीवर झोपावं न लागता तो दगड बघून जा, आणि उतार उघडा राहावा असं वाटलं तर दोन ओळी लिहून, सही करून आमच्या ग्रामपंचायतीत द्या. आणि तुम्ही कुठल्याही दुसऱ्या नदीचे असाल, तर उद्या सकाळी तांब्याभर पाणी घेऊन तुमच्या गावच्या दगडाकडे जा. त्याच्यावर कोण कोरलंय ते पाहा. मग तिथे जनावरं पाजायला जो येतो, त्याच्याशेजारी बसा आणि त्याला विचारा. तो सांगेल ते लिहून घ्या. त्याच्या आधी काहीही लिहू नका, आणि भिंत तर अजिबात बांधू नका.